वचक: न वापरायच्या शस्त्रांमागचा हिशोब

वापरायचेच नाहीत तर मग एवढे अणुबॉम्ब बनवून ठेवलेत कशाला? हा प्रश्न लहान मुलं विचारतात आणि मोठी माणसं काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेतात, पण खरं तर प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे आणि त्याचं उत्तर शोधण्यात जगातल्या भल्याभल्या डोक्यांची सत्तर-पंच्याहत्तर वर्षं गेलीयत. त्या उत्तराला डिटरन्स म्हणतात. मराठी पेपरांत कधीकधी 'प्रतिरोधन' असं लिहिलेलं दिसतं, ते वाचून कुणाला काय बोध होतो देव जाणे. आपल्या भाषेत त्याला आधीपासूनच मस्त शब्द आहे, वचक.

वचक म्हणजे काय, तर समोरच्याच्या मनात काहीतरी आगळीक करायचं आलं, त्याने मनातल्या मनात हिशोब मांडला, तोटा जास्त दिसला आणि तो गप्प बसला. झालं. यात तुम्ही काहीच केलेलं नाही बरं का. गोळी सुटली नाही, रणगाडा हलला नाही, जे काही घडलं ते सगळं त्याच्या डोक्यात. आणि गोम नेमकी इथेच आहे, कारण त्याच्या डोक्यात काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही. वीस वर्षं हल्ला झाला नाही, मग तो तुमच्या धाकामुळे झाला नाही की त्याला मुळात यायचंच नव्हतं? सांगता येत नाही. जनरल म्हणणार आमच्या क्षेपणास्त्रांमुळे, शांततावादी म्हणणार तुमच्या क्षेपणास्त्रांशिवायही काही झालं नसतं, आणि दोघांपैकी कुणीच सिद्ध काही करू शकत नाही. वचक मोडला की मात्र सगळ्यांना दिसतो.

आता हा वचक बसवायचे ढोबळमानाने दोन मार्ग. एक म्हणजे 'तू आलास तरी तुला जमणारच नाही', आणि दुसरा 'तुला जमेलही, पण नंतर मी तुझी अशी अवस्था करीन की पस्तावशील'. पहिल्याचं माझं आवडतं उदाहरण स्वित्झर्लंड. शीतयुद्धाच्या काळात स्विस लोकांनी आपल्याच देशातले पूल, बोगदे, डोंगरातले रस्ते अशा हजारो जागी सुरुंग लावून ठेवले होते, म्हणजे रोज ज्या पुलावरून गाड्या जातायत त्याच्याच पोटात स्फोटकं. मतलब सरळ होता, या खुशाल, आम्ही तुम्हाला हरवू असं म्हणत नाही पण एकेक घाट ओलांडताना तुमचा जीव मेटाकुटीला येईल, आणि एवढं करून हाती काय लागणार? या प्रकारात समोरच्याला फारसा विश्वास ठेवावा लागत नाही, कारण डोंगर समोर दिसतोय आणि सुरुंग आहेत हे माहितीय. दुसरा प्रकार म्हणजे शिक्षेची धमकी, अणुबॉम्ब सगळे याच खात्यात येतात, आणि तिथे मोठी भानगड अशी की समोरच्याने तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायला हवा.

शब्दावर विश्वास हे प्रकरण किती अवघड आहे ते बघा. पन्नासच्या दशकात अमेरिकेने युरोपला सांगितलं की रशियाने तुमच्यावर हल्ला केला तर आम्ही रशियावर अणुबॉम्ब टाकू. छान. पण पुढे रशियाकडेही थेट अमेरिकेपर्यंत पोचणारी क्षेपणास्त्रं आली आणि सगळं गणितच फिरलं. १९६१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी पॅरिसला गेले तेव्हा फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी त्यांना जवळजवळ तोंडावरच विचारलं, की पॅरिस वाचवण्यासाठी तुम्ही न्यूयॉर्क गमवायला तयार आहात का? या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर काय देणार? 'हो' म्हणालात तर कुणाला पटणार नाही, आणि 'नाही' म्हणालात तर खेळच खलास. द गॉल यांना उत्तराची गरजही नव्हती म्हणा, फ्रान्सने आदल्याच वर्षी, फेब्रुवारी १९६० मध्ये, सहारात स्वतःचा बॉम्ब फोडून बघितला होता.

मग विश्वास बसवायचा कसा? यावर डोकं चालवलं थॉमस शेलिंग नावाच्या अर्थतज्ज्ञाने, ज्यांना पुढे २००५ मध्ये नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं साधारण असं की स्वतःचे परतीचे दोर कापून टाका आणि कापलेले दोर समोरच्याला दिसू द्या. पश्चिम बर्लिन घ्या. चहूबाजूंनी पूर्व जर्मनी, आणि मध्ये अमेरिका, ब्रिटन, फ्रान्सचे मिळून दहा-बारा हजार सैनिक. आसपास सोव्हिएत फौज काही लाखांची. लढाई झाली असती तर हे सैनिक किती टिकले असते? फार फार तर काही दिवस. मग ते तिथे करत काय होते? शेलिंग यांनी स्पष्टच सांगितलं होतं की ते मरू शकतात आणि तेच त्यांचं काम. ऐकायला भयंकर वाटतं, पण त्यातला हिशोब असा, की आपली एवढी पोरं एका झटक्यात मेली तर अमेरिकेच्या अध्यक्षाला घरी बसून निषेधाचा खलिता पाठवणं शक्यच उरत नाही, त्याला लढाईत उतरावंच लागतं, आणि हे मॉस्कोलाही कळतं. २०१७ पासून एस्टोनिया, लाटविया, लिथुएनिया आणि पोलंडमध्ये नाटोच्या ज्या छोट्या छोट्या तुकड्या नेऊन ठेवल्यात त्यांच्यामागे हाच विचार आहे. कागदावरचा करार फाडता येतो, मेलेले सैनिक मागे घेता येत नाहीत.

दात असून उपयोग नाही, ते दाखवायलाही लागतात. आणि चुकीच्या वेळी तोंड मिटलं तरी पंचाईत. १२ जानेवारी १९५० ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन अॅचेसन यांनी एका भाषणात पॅसिफिकमधली आपली संरक्षणाची रेषा सांगितली, अल्युशियन बेटं, जपान, र्‍युक्यु बेटं, फिलिपाईन्स. कोरियाचं नाव त्यात आलं नाही. २५ जूनला उत्तर कोरियाचं सैन्य दक्षिणेत घुसलं. आता त्या भाषणामुळेच घुसलं का यावर इतिहासकार अजून भांडतायत, पण नंतर अमेरिका खरंच लढायला उतरली, तीन वर्षं लढली, लाखो माणसं मेली, म्हणजे लढायची तयारी होती आणि ती आधी नीट सांगितली नव्हती, यासारखं दुर्दैव नाही.

याच्या अगदी उलट 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हा प्रकारही चालतो. इस्रायलने आपल्याकडे अणुबॉम्ब आहे असं कधी मान्य केलेलं नाही आणि नाही असंही कधी सांगितलेलं नाही, सगळे आहे असं धरून चालतात. मूठ झाकलेली, पण आत काहीतरी आहे ही कुणकुण सगळ्यांना, म्हणून चालतं. मूठच कुणाला दिसली नाही तर? सोव्हिएत युनियनने ऐंशीच्या दशकात पेरिमीटर नावाची यंत्रणा उभी केली, म्हणजे मॉस्कोतलं सगळं नेतृत्व एका फटक्यात मारलं गेलं तरी उलट हल्ल्याचा हुकूम पुढे जाईल अशी सोय. आणि गंमत म्हणजे ही सोय त्यांनी गुप्त ठेवली, बाहेरच्या जगाला ती कळली सोव्हिएत युनियन संपल्यानंतर! ज्याला घाबरवायचं त्यालाच माहीत नाही, मग घाबरणार कोण? याचा एक खुलासा असा देतात की ती शत्रूसाठी नव्हतीच, आपल्याच सेनापतींनी घाईघाईत बटण दाबू नये म्हणून होती, की थांबा, खात्री करून घ्या, आपण मेलो तरी उत्तर जाणारच आहे. मला हा खुलासा पटतो.

आता वचक मोडतो कसा ते बघू, कारण शिकायला तिथेच जास्त मिळतं. ऑक्टोबर १९७३. सहा वर्षांपूर्वी इस्रायलने इजिप्तकडून सिनाई घेतलेलं, सुएझ कालव्याच्या पूर्व काठावर वाळूचा प्रचंड उंच बांध घातलेला आणि त्यामागे ठाणी. इस्रायली गुप्तचरांची ठाम समजूत होती की आपल्या विमानतळांवर मारा करू शकतील अशी विमानं मिळेपर्यंत इजिप्त युद्ध करणार नाही, कारण केलं तर हरणार, आणि हरायला कोण लढतं? हिशोब बिनचूक होता फक्त तो इस्रायलचा होता, इजिप्तचे अध्यक्ष सादात यांचा नव्हता. सादात यांना इस्रायल जिंकायचंच नव्हतं. कालवा ओलांडून काठाची एक पट्टी धरून ठेवायची, गोठलेली परिस्थिती हलवायची, आणि दोन्ही महासत्तांना टेबलावर आणायचं, एवढंच. ६ ऑक्टोबरला दुपारी, योम किप्पूर या ज्यूंच्या सगळ्यात पवित्र दिवशी, इजिप्तचे सैनिक होड्यांतून कालव्यापार आले आणि तो वाळूचा बांध त्यांनी फोडला पाण्याने, मोठाले पंप लावून कालव्याचंच पाणी जोरात मारायचं आणि वाळू वाहून जायची, काही तासांत वाटा मोकळ्या. लढाईत पुढे इस्रायलने बाजी पलटवली, त्याचं सैन्यच उलट कालवा ओलांडून आलं, पण १९७९ मध्ये तह झाला आणि १९८२ पर्यंत सिनाई इजिप्तला परत मिळालं. मग हरलं कोण?

इथे जो मुद्दा आहे तो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. समोरचा दोन गोष्टी तोलत असतो, एका पारड्यात 'हल्ला केला तर काय होईल' आणि दुसऱ्यात 'नाही केला तर काय होईल'. आपण सगळं लक्ष पहिल्या पारड्यावर देतो, अजून रणगाडे, अजून क्षेपणास्त्रं. पण गप्प बसणंच जर त्याला असह्य झालं असेल तर कितीही दात दाखवा, तो येणार. १९४० मध्ये अमेरिकेने आपलं पॅसिफिक आरमार कॅलिफोर्नियातून पुढे आणून हवाईत ठेवलं, कशासाठी तर जपानवर वचक राहावा म्हणून. १९४१ च्या उन्हाळ्यात जपानचं तेल तोडलं. जपान्यांच्या बाजूने बघा, तेलाचा बहुतेक साठा अमेरिकेकडूनच यायचा, तो बंद, म्हणजे गप्प बसलो तर साठवलेलं तेल संपलं की जहाजं जागच्या जागी उभी. ७ डिसेंबरला हवाईतल्या पर्ल हार्बर बंदरावर जपानचा हल्ला. वचकासाठी आणून ठेवलेलं आरमारच हल्ल्याचं निशाण ठरलं. अमेरिका आपल्यापेक्षा कितीतरी बलाढ्य आहे हे टोकियोत माहीत नव्हतं अशातला भाग नाही, तरी उतरले.

म्हणून धमकीला एक दुसरं अर्धं अंग लागतं, 'तू गप्प बसलास तर मीही काही करणार नाही' हे. १९६२ मध्ये सोव्हिएत युनियनने अमेरिकेच्या दाराशी, क्यूबात, अणुक्षेपणास्त्रं नेऊन ठेवली, त्या प्रकरणात लोकांना आठवतात ती अमेरिकेची जहाजं आणि नाकेबंदी, पण प्रकरण मिटलं ते केनेडींनी क्यूबावर हल्ला न करण्याचा शब्द दिला आणि तुर्कस्तानातली अमेरिकन क्षेपणास्त्रं हळूच काढून घ्यायचं कबूल केलं म्हणून. हा दुसरा भाग कित्येक वर्षं लपवून ठेवला आणि त्यामुळे एका आख्ख्या पिढीला वाटत राहिलं की नुसता दम भरला की काम होतं. त्यानंतर १९६३ मध्ये वॉशिंग्टन आणि मॉस्कोमध्ये हॉटलाइन बसली. सिनेमात दिसतो तसा लाल फोन वगैरे काही नव्हता, टेलिप्रिंटर होता, मुद्दामच, कारण बोलताना माणूस तापतो, टाईप करताना जरा विचार करतो.

बरं, सगळ्यांकडे अणुबॉम्ब आले की युद्धं संपतात का? तर तसंही नाही. १९६९ मध्ये उसुरी नदीवरच्या एका बेटावरून चीन आणि सोव्हिएत युनियन भिडले, दोघांकडेही अणुबॉम्ब. मे १९९८ मध्ये भारत आणि पाकिस्तान दोघांनी चाचण्या केल्या आणि वर्षभरात कारगिल. वरचा मजला इतका पक्का झाला की खालच्या मजल्यावर थोडी मारामारी परवडते असं कुणालातरी वाटायला लागतं, कारण 'एवढ्यासाठी काही तो बॉम्ब टाकणार नाही'. १९८२ मध्ये ब्रिटनच्या ताब्यातली फॉकलंड बेटं घेताना अर्जेंटिनाच्या लष्करशहांनी नेमकं हेच गृहीत धरलेलं. ब्रिटनकडे अणुबॉम्ब होता, अर्जेंटिनाकडे नव्हता, काही फरक पडला नाही.

आणि हा सगळा हिशोब थंड डोक्याने, पुरेसा वेळ घेऊन होतो असं गृहीत धरलेलं असतं हे विसरू नका. अमेरिकेतून सुटलेलं क्षेपणास्त्र रशियात पोचायला साधारण अर्धा तास. २६ सप्टेंबर १९८३, मध्यरात्र उलटून गेलेली, मॉस्कोच्या दक्षिणेला एका बंकरमध्ये स्तानिस्लाव पेत्रोव नावाचा लेफ्टनंट कर्नल ड्युटीवर. तीनच आठवड्यांपूर्वी सोव्हिएत विमानाने कोरियाचं प्रवासी विमान पाडलेलं, वातावरण तापलेलं. अचानक सायरन, आणि समोरच्या लाल पडद्यावर शब्द 'लाँच'. उपग्रह सांगतोय की अमेरिकेने एक क्षेपणास्त्र सोडलंय. मग दुसरं. मग तिसरं, चौथं, पाचवं. त्याने वर 'हल्ला' असं कळवायचं, बाकी निर्णय वरचे घेणार, आणि वरच्यांकडे मिनिटं किती, तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पेत्रोवने विचार केला की अमेरिकेला युद्धच सुरू करायचं असतं तर पाच कशाला सोडतील, शेकडो सोडतील. यंत्रणा नवीकोरी होती, तिच्यावर त्याचा तेवढा भरवसा नव्हता, जमिनीवरच्या रडारवरही काही दिसत नव्हतं. त्याने 'यंत्रणेत बिघाड' असं कळवलं आणि वाट बघत बसला. खरंच बिघाड होता, उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश उपग्रहाला क्षेपणास्त्राच्या ज्वाळेसारखा दिसला. वचकाची सगळी थिअरी एका बाजूला, आणि एका माणसाची शंका एका बाजूला.

म्हणून मग या शास्त्रातलं सगळ्यात उफराटं शहाणपण निघालं. १९७२ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत युनियनने एक करार केला की आपण दोघांनीही आपल्या शहरांना वाचवणारी यंत्रणा जवळजवळ उभारायचीच नाही. परत वाचा. आपले लोक उघडे ठेवायचे असं दोन सरकारांनी लेखी ठरवलं. कारण असं, की एकाने पक्की ढाल बनवली तर त्याला उलट माराची भीती राहत नाही, मग तो आधी मारेल, आणि दुसऱ्याला हे कळतं म्हणून ढाल पुरी व्हायच्या आत दुसराच मारेल. म्हणजे ढाल हीच भडक्याची चूड. दोघंही उघडे असतील तर दोघंही गप्प. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस पटलंच नव्हतं, काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं. अमेरिका २००२ मध्ये त्या करारातून बाहेर पडली आणि तेव्हापासून रशिया आणि चीन ढाल भेदणारी नवनवीन शस्त्रं बनवतायत, जे अपेक्षितच होतं.

सायबर हल्ल्यांपुढे मात्र हे सगळं लंगडं पडतं, कारण मारलं कुणी हे कळायलाच महिने जातात आणि तोवर शिक्षा कुणाला करणार. अतिरेकी संघटनांचंही तेच, ज्याला राजधानी नाही, ज्याला मरायची भीती नाही, त्याच्या हिशोबाच्या वहीत तुमची धमकी कुठल्या रकान्यात बसते?

पेत्रोवसारखी वेळ येऊ नये म्हणून सगळ्यात भरवशाचा उपाय ठरला पाणबुडी. अणुक्षेपणास्त्रं घेऊन समुद्रात कुठेतरी लपलेली, शत्रूला सापडत नाही, म्हणजे पहिल्या फटक्यात नष्ट होत नाही, म्हणजे घाईने बटण दाबायची गरज नाही. आधी मार खाऊनही उलट मारता येतं एवढी खात्री असली की माणूस शांत राहू शकतो. ब्रिटनची अशी निदान एक पाणबुडी १९६९ पासून सतत समुद्रात असते, एक परतायच्या आत दुसरी निघते. आत शंभरावर माणसं, महिनोन्‌महिने पाण्याखाली, घरून आलेले चार शब्द वाचता येतात पण उत्तर पाठवता येत नाही, कारण उत्तर पाठवलं तर जागा कळेल.

आणि त्या पाणबुडीत तिजोरीच्या आत दुसरी तिजोरी, तिच्यात एक पत्र. ब्रिटनचा नवा पंतप्रधान आला की पहिल्या काही दिवसांतच त्याला बसून स्वतःच्या हाताने चार पत्रं लिहावी लागतात, चार पाणबुड्या म्हणून चार, मजकूर एकच. देश बेचिराख झाला, सरकार उरलं नाही, तर कप्तानाने ते उघडायचं. उलट हल्ला करायचा, नाही करायचा, स्वतःच्या बुद्धीने ठरवायचं, की दोस्त राष्ट्राच्या हाताखाली जायचं, असे पर्याय असतात म्हणतात. विचार करा, ते पत्र उघडायची वेळ आली म्हणजे वचक आधीच फसलेला आहे, ज्यांना वाचवायचं होतं ते मेलेत, मग उलट मारून मिळणार काय, फक्त अजून लाखो मुडदे. एखाद्या भल्या माणसाने त्यात 'मारू नका' असंच लिहिलं असेल. पण ते लिहिलंय हे कुणाला कळता कामा नये, कारण शत्रू घाबरतो तो पत्रातल्या मजकुराला नव्हे तर आत काय लिहिलंय हे माहीत नसण्याला. हीसुद्धा झाकली मूठच. पंतप्रधान बदलला की जुनी चारही पत्रं न उघडता, न वाचता नष्ट करतात आणि नवा माणूस पेन घेऊन बसतो.